रस्त्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा

आजच्या काळीं विजेवांचून एक दिवस काढणें शहरांत काय किंवा खेड्यांत काय, सारखेंच कठीण झालें आहे. दिवा लागतो, पंखा फिरतो, विहिरीवरील पंप पाणी ओढतो, पिठाची गिरणी चालते. आणि हीं सर्व कामें इतक्या सहज होतात कीं, ही शक्ति आपल्या दारापर्यंत कोणत्या वाटेनें आली याचा विचार करण्याची गरज कोणास वाटत नाहीं. ती वाट बहुधा आपल्या डोक्यावरून जाते. शाळेस येतां-जातां आपण तिच्या खालून दिवसांतून दोन वेळां तरी चालतों. रस्ता हा माणसांचा व वाहनांचा मार्ग. तार हा विजेचा मार्ग. हे दोन मार्ग जेथें एकमेकांस ओलांडतात, तेथें त्या दोहोंच्या मध्यें कांहीं हात मोकळी हवा एवढीच काय ती भिंत असते. ही भिंत डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणूनच ती कशी उभारितात, कशी टिकवितात व कोणाच्या चुकीनें ती ढांसळते, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडीलधाऱ्या माणसांनीं नीट समजून घेणें अवश्य आहे. तें सोप्या रीतीनें सांगण्याचा प्रयत्न आम्ही येथें करणार आहोंत.

डोक्यावरील तारेची ओळख आपल्या प्रांतास नवी नाहीं. १९०७ सालीं मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू झाल्या, व त्यांस वीज पुरविण्यासाठीं रस्त्यांवर उघडी तार ताणण्यांत आली. १९६४ सालच्या मार्च महिन्यांत शेवटची ट्राम धांवली, तोंपर्यंत त्या शहराची रहदारी अशा तारेखालून चालत होती. १९१५ सालीं खोपोली येथील जलविद्युत्-केंद्र सुरू झालें, आणि घाटाच्या पायथ्यापासून मुंबईच्या कापडगिरण्यांपर्यंत वीज नेण्यासाठीं उंच मनोऱ्यांवरून तारा ओढण्यांत आल्या. १९२५ सालच्या ३ फेब्रुवारीस बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत भारतांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तीहि आपली वीज डोक्यावरील तारेंतूनच घेत होती.

पुढें दाट वस्तीच्या शहरांत केबली जमिनीखालीं गेल्या. मुंबई बेटावरील वीजपुरवठा आज बहुतांशीं भूमिगत आहे. तरीहि गांवोगांवीं व शेतोशेतीं तार अजून खांबांवरच आहे, आणि त्यास सबळ कारण आहे. जमिनीखालील केबल घालण्यास कित्येक पटींनीं अधिक खर्च येतो. तींत बिघाड झाला म्हणजे तो शोधण्यास जमीन उकरावी लागते. उलट खांबावरील तारेचा बिघाड वायरमनच्या नजरेस लवकर पडतो. शिवाय हवा ही फुकट मिळणारी विद्युत्-रोधक वस्तु आहे. ती तारेस भोंवतालच्या जगापासून अलग ठेविते, व तारेंत उत्पन्न होणारी उष्णताहि वाहून नेते. म्हणून या तारांवर बहुधा कसलेंच आवरण नसतें. खांबावर जेथें त्या टेकतात तेथें मात्र चिनी मातीच्या वाट्या बसवितात. त्यांमुळें वीज खांबांत व खांबावाटे जमिनींत उतरत नाहीं.

येथें मुलें एक प्रश्न हटकून विचारितात. तार जर उघडी आहे, तर तिच्यावर बसलेला कावळा किंवा पोपट सुखरूप कसा राहतो? याचें उत्तर असें कीं, प्रवाह वाहण्यास दाबांतील फरक लागतो. पाणी ज्याप्रमाणें उंचावरून सखल जागीं वाहतें, त्याप्रमाणें वीज अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे जवळ जवळ एकाच दाबावर असतात. म्हणून त्याच्या देहांतून नांव घेण्याजोगा प्रवाह जात नाहीं. माणसाची गोष्ट निराळी. त्याचे पाय जमिनीवर असतात, आणि जमीन ही विजेच्या दृष्टीनें सर्वांत सखल जागा होय. त्यानें हातांतील लोखंडी सळई तारेस लावितांच दाबाचा सगळा फरक त्याच्या देहावर येऊन पडतो.

हा फरक किती घातक असतो तें साध्या हिशेबानें पाहूं. घरगुती पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या हातापायांच्या माणसाच्या देहाचा विरोध सुमारें १,००० ओहम धरिला, तर वर्गांत शिकविलेल्या ओहमच्या नियमानें २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात् २३० मिलिअँपिअर प्रवाह त्याच्या देहांतून जाईल. याच्या निम्म्याहून कमी प्रवाह छातींतून गेला तरी हृदयाची लय बिघडून प्राण जाऊं शकतो. ही झाली घरगुती दाबाची गोष्ट. गांवाच्या वेशीवरून रोहित्रापर्यंत येणाऱ्या तारांत ११,००० व्होल्टांचा दाब असतो, आणि उपकेंद्रांकडे जाणाऱ्या मोठ्या तारांत ३३,००० व्होल्ट व त्याहूनहि अधिक. इतक्या दाबाच्या तारेस प्रत्यक्ष स्पर्शच व्हावा लागतो असेंहि नाहीं. एखादी टोंकदार धातूची वस्तु तिच्या फार जवळ गेली, तर मधली हवा फुटून ठिणगी झेंप घेते. तेव्हां तारेपासून दूर राहणें हेंच खरें संरक्षण होय.

हें अंतर किती असावें हें व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. १९५६ सालच्या भारतीय विद्युत् नियमांत तें आंकड्यांनीं बांधून दिलें होतें, आणि केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें २०१० सालीं केलेल्या सुरक्षा-नियमांतहि तेच आंकडे ठेवण्यांत आले. तार रस्ता ओलांडून जात असेल, तर ६५० व्होल्टांपर्यंतच्या दाबास तिचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून ५.८ मीटरांहून, म्हणजे सुमारें १९ फुटांहून, खालीं असतां कामा नये. त्याहून अधिक, पण ३३,००० व्होल्टांपर्यंतच्या दाबास ही मर्यादा ६.१ मीटर, म्हणजे सुमारें २० फूट आहे. तार रस्ता न ओलांडतां त्याच्या कडेनें जात असेल, तर हेच आंकडे अनुक्रमें ५.५ व ५.८ मीटर होतात. ३३,००० व्होल्टांच्या वरील तारांस दाबाच्या प्रमाणांत उंची वाढवावी लागते.

हे आंकडे वाऱ्यावर ठरविलेले नाहींत. सामान्य मालमोटारीची उंची सुमारें ४ मीटरांपर्यंत असते. दुमजली बस पावणेपांच मीटरांपर्यंत जाते. म्हणजे ५.८ मीटरांवरील तारेखालून दुमजली बस गेली, तरी मध्यें सुमारें एक मीटर हवा उरते. परंतु ही सर्व गणना वाहन रिकामें किंवा मापांत भरलेलें आहे असें धरून केलेली असते. आतां ४ मीटर उंच भरलेल्या मालमोटारीच्या माथ्यावर एक माणूस उभा आहे अशी कल्पना करा. त्याची उंची १.७ मीटर धरिली, तर त्याचें डोकें ५.७ मीटरांवर पोहोंचतें, आणि त्यानें हात वर करितांच तो ६ मीटरांच्या पलीकडे जातो. नियमाप्रमाणें ओढलेली, कोणताहि दोष नसलेली तारहि अशा वेळीं त्याचा जीव घेऊं शकते. उंचीचा नियम वाहनांचें रक्षण करितो. वाहनावर चढलेल्या माणसाचें नव्हे, ही गोष्ट प्रत्येकानें ध्यानांत धरावी.

आतां तारेकडेच वळूं. दोन खांबांमध्यें तार कितीहि ओढून बांधली, तरी ती अगदीं सरळ राहत नाहीं. मध्यभागीं ती खालीं लोंबतेच. या लोंबण्यास झोळ म्हणतात. तार पूर्ण सरळ करूं पाहिल्यास तिच्यावर इतका ताण येईल कीं, ती तुटेल किंवा खांब वांकवील. म्हणून कांहीं झोळ मुद्दाम ठेवावाच लागतो. या झोळाचा स्वभाव मोठा फसवा आहे, व तो पायथागोरसच्या सिद्धांतानें सहज उलगडतो. समजा, १०० मीटर अंतरावरील दोन खांबांमध्यें १०० मीटर २ सेंटिमीटर लांबीची दोरी बांधली, व ती बरोबर मध्यावर धरून खालीं ओढली. आतां दोन काटकोन त्रिकोण झाले. प्रत्येकाचा कर्ण ५०.०१ मीटर व एक बाजू ५० मीटर. कर्णाचा वर्ग २५०१.०००१, बाजूचा वर्ग २५००. वजाबाकी १.०००१, आणि तिचें वर्गमूळ सुमारें १. म्हणजे अवघी २ सेंटिमीटर दोरी जास्त झाली, तर तिचा मध्य तब्बल १ मीटर खालीं येतो! तार त्रिकोणांत न लोंबतां वक्र रेषेंत लोंबते, म्हणून तिचा आंकडा थोडा निराळा येतो. परंतु तत्त्व तेंच.

हें तत्त्व कळलें म्हणजे उन्हाळ्याचा परिणाम चटकन् ध्यानांत येईल. धातु तापली कीं लांबते. आपल्याकडील तारा बहुधा ॲल्युमिनिअमच्या असून त्यांच्या गाभ्यांत बळकटीसाठीं पोलादी तार असते. अशी १०० मीटर तार हिवाळ्यांतील पहांटेपेक्षां ३० अंश अधिक तापली, तर ती सुमारें ५.७ सेंटिमीटर लांबते. पहांटे तिचा झोळ १ मीटर होता असें धरिलें, तर निव्वळ लांबी वाढल्यामुळें दुपारीं तो पावणेदोन मीटरांच्या वर जाईल. ताण कमी झाल्यानें तार थोडी आखडते, ती आखडण वजा केली तरी झोळ दीड मीटरांच्या आसपास उरतोच. म्हणजे सहा सेंटिमीटरांहून कमी वाढीनें तार अर्धा मीटर खालीं उतरली. त्यांतच दुपारीं पंप व पंखे जोरांत चालूं लागले, तर प्रवाहामुळें तार आंतूनहि तापते. यास्तव तारेची उंची मोजावयाची ती थंडींतील सकाळची नव्हे, तर कडक उन्हाळ्यांतील दुपारची, असा अभियंत्यांचा दंडक आहे. दोन खांबांमधील अंतर वाढविल्यास काय होतें तेंहि येथेंच सांगून ठेवितों. ताण तोच राखिला असतां अंतर दुप्पट केल्यास झोळ चौपट होतो. म्हणूनच १९५६ च्या नियमांत, रस्त्यावरील कमी व मध्यम दाबाच्या तारांस निरीक्षकाच्या लेखी संमतीवांचून खांबांमधील अंतर ६५ मीटरांहून अधिक ठेवूं नये, असें सांगितलें होतें.

आतां एका खांबाचा हिशेब मांडून पाहूं. ९ मीटर लांबीचा खांब घेतला. खांबाचा सुमारें सहावा हिस्सा जमिनींत पुरण्याची रीति आहे, तेव्हां १.५ मीटर जमिनींत गेला, वर ७.५ मीटर उरला. वरची तार माथ्यापासून १० सेंटिमीटर खालीं, व तिच्या खालीं ३० सेंटिमीटरांच्या अंतरानें आणखी तीन तारा बांधल्या. सर्वांत खालची तार खांबापाशीं ६.५ मीटरांवर आली. उन्हाळ्यांतील झोळ ६० सेंटिमीटर धरिला, तर गाळ्याच्या मध्यभागीं तिची उंची ५.९ मीटर राहते. नियम ५.८ मीटरांचा, शिल्लक उरली ती केवळ १० सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडी अधिक.

ही शिल्लक कशी नाहींशी होते तें पाहण्याजोगें आहे. रस्ता खराब झाला कीं जुन्या थरावरच डांबराचा नवा थर घालतात. प्रत्येक थर ५ सेंटिमीटरांचा धरिला, तर दोन थरांत ती संपते. आणि चार थरांत तार नियमाच्या १० सेंटिमीटर खालीं जाते. तार जागची हललेली नसते. रस्ताच तिच्याकडे चढलेला असतो. त्याचप्रमाणें खांब पावसाळ्यांत मऊ झालेल्या मातींत कलतो, त्यास आवरून धरणारी ताणाची तार कोणी सोडवितो किंवा तिला वाहन धडकतें, झाडाची फांदी तारेवर रेलते, आणि दर वेळीं झोळ थोडा थोडा वाढतो. एका दिवसांत न दिसणारी ही घट कांहीं वर्षांनीं अपघाताच्या रूपानें एकदम दिसते. रस्ता उंच करणाऱ्यानें वीजखात्यास आधीं कळविणें व वीजखात्यानें उंची पुन्हां मोजणें, हाच यावर उपाय होय.

तार खालीं येण्यापेक्षांहि भयंकर प्रकार म्हणजे ती तुटून रस्त्यावर पडणें. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, तार तुटून जमिनीस लागली कीं फ्यूज उडतो व वीज आपोआप बंद होते. ही समजूत घातक आहे. फ्यूज उडण्यास फार मोठा प्रवाह वाहावा लागतो. कोरड्या डांबरावर किंवा खडीवर पडलेल्या तारेंतून जमिनींत फार थोडा प्रवाह जातो. शंभर अँपिअरांच्या फ्यूजला अशा पांच-दहा अँपिअरांची दादहि लागत नाहीं. आणि माणसाचा प्राण घेण्यास तर अँपिअरचा दहावा हिस्साहि पुरतो. म्हणून रस्त्यावर निपचित पडलेली, ठिणगी न उडणारी तार ही जिवंतच आहे असें समजून चालावें.

या धोक्यावर एक जुना व साधा उपाय योजितात. तार जेथें रस्ता ओलांडते, तेथें तिच्या खालीं दुसऱ्या तारांची पाळण्यासारखी जाळी बांधितात. वीजकामगार तिला गार्डिंग म्हणतात. ही जाळी चांगल्या अर्थिंगनें जमिनीस जोडलेली असते. वरची तार तुटली तर ती रस्त्यावर न येतां आधीं या जाळीवर पडते. जाळीवाटे जमिनींत जाण्यास तिला सुलभ मार्ग मिळतो. त्यामुळें एकदम मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो किंवा उपकेंद्रांतील स्विच सुटतो, आणि तार निर्जीव होते. जाळीचें खरें काम केवळ तार झेलण्याचें नसून तिला निर्विष करण्याचें आहे. म्हणून जाळी आहे पण तिचें अर्थिंग गंजून तुटलेलें आहे, अशा ठिकाणीं निम्मेंच संरक्षण उरतें. रस्त्यावरील उघडी तार तुटल्यास ती निर्धोक होईल अशी योजना असलीच पाहिजे, असें नियमहि सांगतात. याशिवाय, चांगल्या कामांत रस्ता ओलांडणाऱ्या गाळ्यांत तारेस जोड देत नाहींत. कारण तार बहुधा जोडापाशींच कमजोर असते. तसेंच तार रस्त्यास होतां होईल तों काटकोनांत ओलांडवितात, म्हणजे रस्त्यावरील तिची लांबी कमींत कमी राहते.

अलीकडे गर्दीच्या गल्ल्यांतून उघड्या तारांच्या जागीं एकत्र पीळ घातलेली, आवरणयुक्त केबल दिसूं लागली आहे. तींतील विजेच्या तारा रोधक आवरणांत गुंडाळून एका मजबूत आधार-तारेभोंवतीं वळलेल्या असतात. ओझें सगळें आधार-तार सोसते. विजेच्या तारांवर ताण येत नाहीं. फांदी घासली किंवा दोन तारा वाऱ्यानें एकमेकींवर आदळल्या, तरी ठिणगी उडत नाहीं. असें असलें तरी आवरण उन्हापावसानें कालांतरानें जीर्ण होतें. म्हणून केबल आवरणयुक्त आहे एवढ्या विश्वासावर तिला हात लावणें शहाणपणाचें नव्हे.

हेंच आधार-तारेचें तत्त्व आपल्या नेहमींच्या उपयोगाचें आहे. शाळेचें स्नेहसंमेलन, जत्रा, लग्नाचा मांडव किंवा उत्सवाचा मंडप यांसाठीं रस्त्यावरून अथवा मोटारी उभ्या राहण्याच्या जागेवरून तात्पुरती केबल न्यावी लागते. अशा वेळीं घाईनें घराच्या गजापासून समोरच्या झाडास नुसतीच केबल ताणण्याची जी वहिवाट आहे, ती अत्यंत धोक्याची होय. केबल स्वतःच्या वजनानें लांबत जाते, सांध्यावर उकलते, व वाऱ्यानें फांदीवर घासून सोलून निघते. योग्य रीति अशी : प्रथम, शक्य असल्यास वरून नेऊंच नये, रस्त्याखालून आधींच घातलेला पाइप असल्यास त्यांतून न्यावी. वरूनच न्यावयाची झाल्यास दोन्ही बाजूंस पक्के खांब उभारून त्यांवर पोलादी आधार-तार ताणावी, व केबल तिला थोड्या थोड्या अंतरावर बांधून टाकावी. सर्वांत खालच्या भागाची उंची ५.८ मीटरांहून कमी असूं नये. रस्त्यावरील भागांत एकहि जोड नसावा. दिवसा व रात्रीं नजरेस पडावी म्हणून आधार-तारेस रंगीत पताका लावाव्या. आणि पुरवठा ज्या ठिकाणाहून घेतला तेथें ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारा स्विच बसवावा. हें सर्व काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावें. हौशी हातांचें तें काम नव्हे.

वाहनचालकास तारेची उंची दुरून अजमावितां येत नाहीं. आकाशाच्या पार्श्वभूमीवर बारीक तार जवळ आल्यावांचून दिसतहि नाहीं. रेल्वेनें यावर उत्तम तोड काढली आहे. विजेच्या रेल्वेमार्गावर जेथें फाटक असतें, तेथें रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कमानीसारखी एक आडवी चौकट उभारलेली असते. तिची उंची साधारणपणें ४.६७ मीटर असून रुळांवरील तार तेथें ५.५ मीटरांहून खालीं येऊं देत नाहींत. या तारेंतील दाब २५,००० व्होल्टांचा असतो. फार उंच भरलेली गाडी प्रथम चौकटीस अडते, तारेपर्यंत पोहोंचतच नाहीं. चालकास नुकसान सोसावें लागेल तें थोड्या मालाचें, जिवाचें नव्हे. कारखान्याचें आवार, साखर कारखान्याकडे जाणारी वाट, बांधकामाची जागा, अशा ठिकाणीं जेथें उंच वाहनें रोज तारेखालून जातात, तेथेंहि तारेच्या अलीकडे व पलीकडे अशा चौकटी उभारणें अल्प खर्चाचें व फार हिताचें आहे.

परंतु सर्व नियम व सर्व चौकटी पाळल्या गेल्या, तरी शेवटचा भार माणसाच्या सावधपणावरच पडतो. ऊस, कडबा किंवा कापूस वाजवीपेक्षां उंच भरूं नये. भरलेल्या गाडीच्या माथ्यावर किंवा बसच्या टपावर कोणी बसूं नये. मिरवणुकींत उंच मूर्ति, ताबूत किंवा ध्वज न्यावयाचे असतील, तर आदल्या दिवशीं मार्ग पाहून वीजखात्यास कळवावें. वेळेवर बांबूनें तार वर उचलण्याचा जो प्रकार कांहीं ठिकाणीं चालतो, तो म्हणजे मृत्यूस हातानें वर उचलणें होय. लांब सळया, नळ, शिड्या उभ्या धरून नेऊं नयेत, आडव्या धराव्या. उघड्या तारांजवळून असें सामान नेण्यास नियमांनींहि बंधन घातलें आहे. शेतांत पाण्याचे ॲल्युमिनिअमचे नळ उचलतांना आधीं मान वर करून पाहावें. तारेंत अडकलेल्या पतंगासाठीं तर मुलांनीं कधींहि काठी अथवा गज घेऊं नये. दोन-चार रुपयांच्या कागदासाठीं घरचा दिवा विझावा, हें कोणत्या आईबापांस सोसवेल?

इतकें करूनहि वाहन तारेस अडकलेंच, तर आंतील माणसांनीं काय करावें? पुष्कळांस वाटतें कीं, रबरी चाकांमुळें आपण सुरक्षित आहों. हें खरें नव्हे. चाकांच्या रबरांत काजळी मिसळलेली असते, त्यामुळें तें पूर्ण रोधक नसतें, आणि मोठ्या दाबानें चाकें पेट घेऊं शकतात. आंतील माणसें वांचतात तीं दुसऱ्या कारणानें. सर्व वाहन तारेच्याच दाबावर असतें, व आंतील माणसेंहि त्याच दाबावर असतात. अगदीं त्या तारेवरील पक्ष्याप्रमाणें. धोका असतो तो उतरतांना. एक पाय पायरीवर व दुसरा जमिनीवर पडला कीं देह हा दोन दाबांमधील पूल बनतो. म्हणून चालकानें शक्य असल्यास गाडी मागें घेऊन तार सोडवावी. न जमल्यास आंतच बसून राहावें, कोणत्याहि माणसास जवळ येऊं देऊं नये, व वीज बंद झाल्याची वीजखात्याकडून खात्री होईपर्यंत उतरूं नये. आग लागली तरच उतरावें. आणि तेंहि दोन्ही पाय जुळवून, गाडीस हात न लावतां, एकदम उडी मारून. नंतर पाय एकमेकांपासून न उचलतां लहान लहान घसरत्या पावलांनीं दूर जावें. याचें कारण असें कीं, जमिनींत शिरणारी वीज पाण्यावरील तरंगांप्रमाणें चोहोंकडे पसरते, व दर पावलास दाब कमी होत जातो. लांब ढांग टाकिल्यास दोन पावलांमधील दाबाचा फरक देहांतून प्रवाह ढकलतो. चार पायांचीं गुरें तारेजवळ अधिक मरतात तीं याच कारणानें. त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर फार असतें.

रस्त्यावर तुटलेली तार दिसल्यास तिच्यापासून निदान दहा मीटर, म्हणजे मोठीं पंधरा पावलें, दूर राहावें. येणाऱ्या-जाणाऱ्यांस दोन्ही बाजूंनीं थांबवावें. तारेस काठीनें बाजूस सारण्याचें धाडस करूं नये. काठी कोरडी दिसली तरी मोठ्या दाबापुढें तिचा भरवसा नाहीं. वीजपुरवठ्याच्या तक्रारींसाठीं १९१२ हा दूरध्वनि-क्रमांक आहे. त्यावर लगेच कळवावें, व जागा सांगतांना जवळच्या खांबावरील क्रमांक सांगावा. एखादा मनुष्य तारेस चिकटलेला असेल, तर त्यास हातानें ओढणारा दुसराहि त्याच वाटेनें जातो. प्रथम वीज बंद, मग मदत. हा क्रम दुःखाच्या भरांतहि मोडूं नये.

वाचकहो, खांबावर चढून ऊन-पावसांत तारा ओढणारा वायरमन आपल्यापरीनें ती अदृश्य भिंत उभारीत असतो. त्यानें राखलेली उंची आपण रस्ता वाढवून, माल चढवून, फांद्या वाढूं देऊन थोडी थोडी खात असतों. लोंबती तार, कललेला खांब, तुटलेली जाळी या गोष्टी शेंकडों लोक रोज पाहतात. आणि दुसरा कोणी कळवील अशा समजुतीनें पुढें जातात. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता एकदां मान वर करून पाहावा. तार कोठें रस्ता ओलांडते, तेथें जाळी आहे कीं नाहीं, झोळ किती आहे, हें वहींत टिपून घ्यावें, आणि जें बिघडलेलें दिसेल तें वडिलांच्या हातून वीजखात्यास लेखी कळवावें. एका पोस्टकार्डाएवढ्या मजकुरानें एखाद्या घराचा कर्ता पुरुष सायंकाळीं सुखरूप घरीं परतत असेल, तर पायथागोरस व ओहम यांचे सिद्धांत पाठ केल्याचें याहून चांगलें फळ कोणतें?